मृत्युपत्राविना निधन झाल्यास : आधी वारसनोंद, मग वाटणी

घरातील कर्ती व्यक्ती मृत्युपत्र न करता वारली, की तिच्या मालमत्तेचे काय करायचे हा विषय आपल्याकडे बहुधा दिवसकार्य आटोपताच, पाहुणे घरात असतानाच निघतो. मात्र कोणाला किती मिळणार हे त्या बैठकीत ठरत नसते. मृत्यूच्या क्षणीच कायद्याने वारस आणि त्यांचे हिस्से निश्चित होतात आणि त्यानंतर तलाठी, बँक, भूमापन कार्यालय किंवा न्यायालय यांच्याकडे जे काही करायचे असते ते या हिश्श्यांची नोंद लावण्यासाठी असते. त्यामुळे कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम कागद जमवावेत, मग वारस कोण हे ठरवावे, मग सर्व वारसांची नावे सर्व ठिकाणी लावून घ्यावीत आणि त्यानंतरच कोणी काय घ्यायचे याची बोलणी करावीत. हा क्रम उलटा झाला, म्हणजे वाटणी तोंडी ठरली आणि नोंदी तिच्या सोयीने केल्या गेल्या, की पुढच्या पिढीला दिवाणी दावा वारशातच मिळतो.

मृत्युपत्र खरोखरच नाही याची खात्रीही आधी करून घ्यावी. महाराष्ट्रात मृत्युपत्र नोंदणीकृत असलेच पाहिजे असे नाही. साध्या कागदावर लिहिलेले आणि दोन साक्षीदारांनी सही केलेले मृत्युपत्रही वैध ठरू शकते. म्हणून कपाट, बँकेचा लॉकर, नेहमीचे वकील आणि दुय्यम निबंधक कार्यालय येथे विचारणा करून मगच पुढे जावे.

पुढील विवेचन हिंदू वारसा कायदा, 1956 ज्यांना लागू होतो त्यांच्यासाठी आहे. हिंदूंप्रमाणेच जैन, बौद्ध आणि शीख कुटुंबेही त्यात येतात, त्यामुळे कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ-हातकणंगले भागातील जैन शेतकरी कुटुंबांनाही तोच कायदा लागू आहे. मुस्लिम कुटुंबांचा वारसा त्यांच्या व्यक्तिगत कायद्याने आणि ख्रिस्ती कुटुंबांचा 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो. त्यांचे हिस्से वेगळे निघतील, परंतु कार्यालयांतील कामाची रीत बरीचशी हीच राहील.

कागदांची जमवाजमव

पहिला कागद मृत्यूच्या दाखल्याचा. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते आणि ती जेथे मृत्यू झाला तेथील निबंधकाकडे होते, मयत जेथे राहत होता तेथील नव्हे. गडहिंग्लजचा रुग्ण कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात वारला असेल तर नोंद कोल्हापूर महापालिकेकडे होते. उपचारासाठी मिरजेला नेलेला रुग्ण तेथेच वारला असेल तर दाखला सांगली जिल्ह्यातून आणावा लागतो. एक वर्ष उलटून गेल्यावर नोंद करायची झाल्यास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय ती होत नाही. दाखल्याच्या प्रती भरपूर घ्याव्यात आणि त्यावरील नाव सातबारा, आधार व बँक पासबुक यांच्याशी अक्षरशः ताडून पाहावे. एका ठिकाणी ‘बापू’, दुसऱ्या ठिकाणी ‘बापूसो’ आणि तिसऱ्या ठिकाणी ‘बापूसाहेब’ असणे हे आपल्याकडे नित्याचेच आहे; त्यासाठी ही सर्व नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र लवकर करून ठेवावे. शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, त्यामुळे त्यासाठी स्टॅम्प पेपर विकत घेण्याची गरज नसते.

त्यानंतर मालमत्तेची यादी करावी. शेतजमिनीसाठी सातबारा व आठ-अ, गावठाणातील घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठ, शहरातील मिळकतीसाठी मालमत्ता पत्रक आणि घरफाळ्याची, म्हणजे घरपट्टीची, पावती काढावी. आठ-अ आणि नमुना आठ यांत अनेकांचा घोटाळा होतो. पहिला महसूल खात्याचा, जमिनीच्या खात्याचा उतारा आहे आणि दुसरा ग्रामपंचायतीचा, घराच्या कर आकारणीचा. चंदगड, गडहिंग्लज, कागल या सीमेलगतच्या तालुक्यांतील काही कुटुंबांची जमीन कर्नाटकातही असते. वारसाहक्काचा कायदा दोन्हीकडे एकच असला तरी त्या जमिनीवर नाव लावण्याचा अर्ज तेथील कार्यालयातच द्यावा लागतो.

यादीत सहज सुटणाऱ्या गोष्टी म्हणजे साखर कारखान्याचे शेअर्स, विकास सेवा संस्थेचे (गावातील शेतीकर्ज संस्थेचे) भाग आणि ठेव, दूध संस्थेकडील शिल्लक बिल व दिवाळीचा दूध फरक, पतसंस्थेतील पिग्मी आणि भिशी. रक्कम लहान दिसते म्हणून त्या सोडून देऊ नयेत. दहा वर्षांहून अधिक काळ कोणी हात न लावलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होतात. त्याही वारसांना परत मागता येतात आणि त्यांचा शोध रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ या पोर्टलवर घेता येतो.

वारस कोण आणि किती

पुरुषाच्या बाबतीत पहिल्या वर्गातील वारस म्हणजे मुलगे, मुली, विधवा पत्नी आणि आई. तसेच आधीच वारलेल्या मुलाची पत्नी व मुले आणि आधीच वारलेल्या मुलीची मुले. वडील या वर्गात नाहीत, हे अनेकांना माहीत नसते. पत्नी, आई आणि प्रत्येक अपत्य यांना समान हिस्सा मिळतो आणि वारलेल्या अपत्याच्या शाखेला मिळून एक हिस्सा मिळतो. उदाहरणार्थ, करवीर तालुक्यातील एका गृहस्थांनी स्वकष्टाने घेतलेले घर आहे आणि त्यांच्या पश्चात आई, पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी आहे, तर प्रत्येकाचा हिस्सा एक पंचमांश होतो. मुलीचे लग्न झाले आहे की नाही, लग्नात किती खर्च झाला, ती माहेरी येते की नाही, यांपैकी कशाचाही या हिशोबावर परिणाम होत नाही. मृत्यूच्या वेळी पत्नी गरोदर असेल तर जन्माला येणारे मूलही वारस असते.

वडिलोपार्जित, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या जमिनीबाबत आणखी एक पायरी असते. तेथे मयताचा जेवढा हिस्सा असेल तेवढाच वरील नियमाने वारसांकडे जातो. मुलामुलींचे स्वतःचे हिस्से जन्मानेच त्यांचे असतात. म्हणून मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असती तर मयताला काय मिळाले असते, असा काल्पनिक हिशोब आधी करतात. पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी मागे असतील तर त्या काल्पनिक वाटणीत मयतासह पाच जणांना प्रत्येकी एक पंचमांश येतो. मग मयताचा एक पंचमांश चौघांत विभागला जाऊन प्रत्येकाकडे एकूण एक चतुर्थांश होतो. या उदाहरणात शेवटचा आकडा सरळ समान वाटपासारखाच आला, परंतु मयताची आई हयात असेल तर तो तसा येत नाही, आणि अशा वेळी वकिलाकडून हिशोब मांडून घेणे शहाणपणाचे ठरते. मुलींचा जन्मसिद्ध हक्क 9 सप्टेंबर 2005 पासूनच्या दुरुस्तीने आला आणि त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी मात्र त्यामुळे उघडली जात नाही.

जुन्या सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे असतील तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून नोंदला गेला आहे. त्याच्या मृत्यूनंतर केवळ त्याच्याच मुलांची नावे लावून घेणे म्हणजे इतर भावांच्या शाखांचा हक्क कागदावरून पुसणे होय. अशा खात्यात जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरील बदलांच्या नोंदी, काढून, नाव मुळात कोणाचे होते तेथपर्यंत मागे जावे.

अविवाहित चुलता किंवा मूलबाळ नसलेली आत्या वारल्यास नियम अनपेक्षित वाटतात. अविवाहित पुरुषाची आई हयात असेल तर सर्व मालमत्ता एकट्या आईकडे जाते. आई-वडील दोघेही नसतील तर ती भाऊ आणि बहिणी यांच्याकडे समान जाते. आणि एक जरी भाऊ किंवा बहीण हयात असेल तरी आधी वारलेल्या भावाच्या मुलांना काही मिळत नाही. मूलबाळ नसलेल्या विधवेची मालमत्ता सर्वसाधारणपणे तिच्या पतीच्या वारसांकडे जाते, जरी ती तिने स्वतःच्या कमाईने घेतलेली असली तरी. फक्त आई-वडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता वडिलांच्या वारसांकडे परत जाते. न्याय्य वाटो वा न वाटो, आजचा कायदा असा आहे, आणि नात्यात असे कोणी असेल तर त्यांनी हयातीत मृत्युपत्र करणे हाच त्यावरचा उपाय आहे.

पहिले लग्न कायम असताना केलेल्या दुसऱ्या लग्नाची पत्नी वारस होत नाही, पण तिची मुले त्यांच्या वडिलांच्या हिश्श्यात वारस असतात. ही नावे वंशावळीतून वगळण्याचा मोह कुटुंबाला होतो. तो टाळावा, कारण वारस लपवून केलेली नोंद पुढे रद्द होऊ शकते आणि खोटे प्रतिज्ञापत्र करणाऱ्यावर फौजदारी कारवाईही होऊ शकते.

सातबाऱ्यावर आणि शहरात नाव लावणे

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 149 नुसार वारसाने हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, द्यायची असते. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे, वये, पत्ते व मयताशी असलेले नाते दाखवणारे प्रतिज्ञापत्र, वंशावळ आणि उतारे जोडावेत. ‘ई-हक्क’ या शासकीय प्रणालीवरूनही हा अर्ज करता येतो. चौकशीनंतर फेरफार नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस मिळतात आणि हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. निर्णय मान्य नसल्यास 60 दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येते. जमीन भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे शासनाच्या अटींवर धारण केलेली, असेल तरी वारसनोंदीला अडचण नसते, विक्रीला परवानगी लागते. देवस्थान इनामाच्या, म्हणजे देवस्थानासाठी इनाम दिलेल्या, जमिनीचे मात्र निराळे आहे: वारसाचे नाव वहिवाटदार म्हणून लागू शकते, पण ती जमीन खासगी मालमत्तेप्रमाणे वाटता किंवा विकता येत नाही.

येथेच एक गोष्ट कटाक्षाने सांभाळावी: वारसनोंदीच्या अर्जात सर्व वारसांची नावे असावीत. ‘बहिणी नको म्हणाल्या’ म्हणून त्यांची नावे आधीच गाळणे हे हक्कसोड नव्हे. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि नावे गाळल्याने ती संपतही नाही. बहिणींचा हिस्सा तसाच राहतो आणि जमिनीच्या व्यवहाराच्या दिवशी खरेदीदाराचा वकील तो बरोबर शोधून काढतो.

कोल्हापूर शहरात मिळकत ए ते ई वॉर्डांपैकी कोणत्या वॉर्डात आहे आणि तिचा सिटी सर्व्हे क्रमांक काय, ते मालमत्ता पत्रकावर पाहून नगर भूमापन कार्यालयात वारसनोंदीचा अर्ज द्यावा. महापालिकेच्या घरफाळा विभागात नाव बदलणे हे वेगळे काम आहे आणि तेथे नाव लागले म्हणून मालकी सिद्ध होत नाही. फ्लॅट असेल तर सोसायटीकडे, वीज जोडणीसाठी महावितरणकडे आणि पाण्यासाठी संबंधित कार्यालयाकडे स्वतंत्र अर्ज लागतात. वाहन असल्यास मृत्यूची माहिती 30 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवून तीन महिन्यांत नमुना 31 मध्ये हस्तांतराचा अर्ज करायचा असतो.

बँक, संस्था आणि विमा

मृत्यूनंतर मयताच्या एटीएम कार्डाने किंवा सही केलेल्या धनादेशाने पैसे काढू नयेत. खर्चासाठी काढले असले तरी इतर वारस त्याचा हिशोब मागू शकतात आणि त्यांना तो अधिकार आहे. बँकेला मृत्यू कळवल्यावर नॉमिनी असेल तर रक्कम त्याच्या हाती दिली जाते, परंतु बँक ठेवींचा नॉमिनी मालक नसून वारसांसाठी रक्कम स्वीकारणारा विश्वस्त असतो. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितले. विम्याला मात्र 2015 च्या दुरुस्तीपासून अपवाद आहे: आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले यांपैकी कोणी नॉमिनी असेल तर विम्याची रक्कम सर्वसाधारणपणे त्याचीच होते.

नॉमिनी नसेल तर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 मध्ये काढलेले निर्देश वाचून बँकेत जावे. सहकारी बँकेत पाच लाखांपर्यंत आणि इतर बँकांत पंधरा लाखांपर्यंतच्या दाव्यासाठी मृत्यूचा दाखला, ओळखपत्रे, हमीपत्र आणि दावा न करणाऱ्या वारसांची ना हरकत अशा मोजक्या कागदांवर सोपी पद्धत वापरायची आहे, तिसऱ्या व्यक्तीचा जामीन मागायचा नाही, आणि कागद पूर्ण झाल्यापासून 15 दिवसांत रक्कम द्यायची आहे. शाखेतील कर्मचारी सवयीने न्यायालयाचा दाखला मागत असल्यास, या निर्देशांचा उल्लेख करून अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

साखर कारखान्याच्या शेती विभागाला उभ्या उसाची नोंद कोणाच्या नावे पुढे चालवायची ते गळीत सुरू होण्यापूर्वी कळवावे, नाही तर बिल मयताच्या गोठलेल्या खात्यात जाऊन अडकते. कारखाना, विकास संस्था व दूध संस्था यांच्या भागांसाठी 1960 च्या सहकारी संस्था कायद्यातील कलम 30 प्रमाणे नामनिर्देशित व्यक्तीला, आणि ती नसल्यास वारसाला हस्तांतर होते. ज्याच्या नावे भाग होतात त्यालाच सभासद म्हणून मत मिळते, त्यामुळे ही छोटीशी बाब गावात पुष्कळदा मोठी होते.

न्यायालयात कधी जावे

ठेवी व रोखे मोठे असतील आणि नॉमिनी नसेल, किंवा वारसांत एकमत नसेल, तर भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 नुसार उत्तराधिकार प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते येणे रकमा व रोख्यांपुरते असते. जमीन-घरासाठी ते उपयोगी नाही. वारस कोण हे ठरवून देणारे वारस प्रमाणपत्र मुंबई रेग्युलेशन 8, 1827 खाली मिळते. दोन्हींसाठी मयत शेवटी जेथे राहत होता तेथील दिवाणी न्यायालयात अर्ज होतो, सर्व वारसांना नोटीस जाते, वृत्तपत्रात जाहीर नोटीस छापली जाते आणि हरकत नसेल तर हुकूम होतो. कोल्हापूरचे जिल्हा न्यायालय कसबा बावड्यात आहे. तालुक्याचा अर्ज कोठे चालेल ते वकिलाला विचारावे. वरचे अपील करण्याची वेळ आली तरी आता मुंबई गाठावी लागत नाही, कारण उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झाले आहे. तलाठ्याचा किंवा सरपंचाचा वारस दाखला पूरक पुरावा म्हणून चालतो. न्यायालयाच्या प्रमाणपत्राची जागा तो घेत नाही.

कर्ज आणि कर

वारस मयताच्या कर्जाला मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच जबाबदार असतात. स्वतःच्या पगारातून किंवा स्वतःच्या जमिनीतून ते फेडण्याची सक्ती नाही, जोपर्यंत कोणी स्वतः जामीनदार म्हणून सही केलेली नसेल. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात विकास संस्थेचा इकरार (कर्जाच्या तारणाची नोंद) किंवा बँकेचा बोजा असल्यास तो वारसनोंदीने उतरत नाही. वारशावर भारतात कर नाही. इस्टेट ड्युटी 1985 मध्येच रद्द झाली. मात्र मृत्यूच्या दिवसापर्यंतच्या उत्पन्नाचे विवरणपत्र कायदेशीर वारस म्हणून प्राप्तिकर पोर्टलवर नोंदणी करून भरावे लागते.

शेवटी वाटणी

सर्व नावे सर्व ठिकाणी लागल्यावर कोणाला काय हवे ते बोलावे. एखाद्या वारसाला आपला हिस्सा इतरांना द्यायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. स्टॅम्प पेपरवर लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन कपाटात ठेवलेला कागद जमीन किंवा घराच्या हक्कासाठी निरुपयोगी आहे. जवळच्या नातलगांत वडिलोपार्जित मिळकतीचे विनामोबदला हक्कसोडपत्र ठरावीक अल्प मुद्रांकावर होते. पैसे देऊन होत असेल तर शुल्काचा हिशोब बदलतो. दहाव्या-बाराव्या दिवशी बहिणींना गाडीत बसवून दुय्यम निबंधक कार्यालयात नेण्याची जी रीत काही घरांत पडली आहे ती मला गैर वाटते. सही करणाऱ्याला आपण किती किमतीचा हक्क सोडत आहोत हे माहीत हवे आणि विचाराला सवड हवी. तसे न झालेले दस्तच पुढे फसवणुकीच्या आरोपाखाली न्यायालयात जातात. वारस अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, असेल तर त्याच्या हिश्श्याचे हक्कसोडपत्र पालकाने न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय करू नये. एखादा वारस आपला हिस्सा बाहेर विकू पाहत असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम 22 प्रमाणे तो घेण्याचा पहिला हक्क इतर वारसांचा असतो, हेही लक्षात ठेवावे.

जमीन प्रत्यक्ष वाटून घ्यायची असल्यास सर्वांच्या संमतीने जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो, किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करता येते. वाटप करताना तुकडेबंदीचे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते क्षेत्र, पाहावे. 2023 च्या अधिसूचनेनुसार ते बागायतीसाठी 10 गुंठे आणि जिरायतीसाठी 20 गुंठे आहे. विहीर, बोअर, उपसा सिंचनाची पाळी, शेताकडे जाणारी वाट आणि बांधावरची झाडे यांचा उल्लेख दस्तात नावानिशी करावा, कारण क्षेत्र बरोबर वाटले गेले तरी पाण्याची पाळी मोघम राहिली की पहिल्याच उन्हाळ्यात कुरबुर सुरू होते. वाटणीपत्रानंतर पुन्हा फेरफार होतो. तो प्रमाणित झाल्यावर प्रत्येकाचा नवा सातबारा काढून सर्वांच्या क्षेत्राची, आकाराची (शेतसाऱ्याची) आणि पोटखराब्याची (लागवडीस अयोग्य भागाची) बेरीज जुन्या उताऱ्याशी जुळते का ते तपासावे, आणि एका गुंठ्याचा जरी फरक दिसला तरी दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा.